नॉम पेनची शाळा

"हात मागे कर, आई," अभिजित म्हणाला. पद्मिनीबाईंनी निमूटपणे दोन्ही हात मागे केले. त्याने सॅक त्यांच्या खांद्यांवर चढवली, पट्टे ओढून घट्ट केले आणि समोर येऊन कमरेचं बक्कल लावलं. वजनाचा अंदाज यावा म्हणून आत टॉवेल आणि बटाट्यांची पिशवी भरली होती.

"आता चालून बघ."

त्या सिंकपासून मागच्या दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या. साडीवर लाल सॅक, छातीवर आडवा पट्टा. खुर्चीवर प्लास्टरमधला पाय पसरून बसलेल्या फर्गलने टाळ्या वाजवल्या.

"ग्रँड! शी'ज ग्रँड!"

पद्मिनीबाई त्याच्याकडे पाहून किंचित हसल्यासारखं करून बक्कल सोडायला लागल्या.

सॅक फर्गलचीच होती. आयर्लंडमधल्या नावनच्या हॉस्पिटलमध्ये अभिजित ज्या वॉर्डात डॉक्टर होता, त्याच वॉर्डात तो नर्स होता. अभिजितची सहा महिन्यांची पोस्ट जानेवारीत संपत होती आणि पुढची सुरू होण्याआधी तीन आठवडे मोकळे होते. बँकॉकला उतरायचं आणि पाठीवर सॅक टाकून कंबोडियात शिरायचं, असं दोघांनी कितीतरी महिने ठरवत आणलं होतं. मग नाताळच्या आधी फुटबॉलच्या मैदानावर फर्गलचा घोटा मोडला. "आता माझ्याऐवजी तुझ्या मॅमीला ने," तो कुबड्या टेकत म्हणाला होता. तो विनोद अभिजितने घरी येऊन आईला सांगितला. निदान ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

"चालेल," ती म्हणाली.

सप्टेंबरमध्ये नागपूरहून आल्यापासून ती प्रत्येक गोष्टीला 'चालेल' म्हणत होती. जेवायला काय करू? चालेल काहीही. हीटिंग लावू? चालेल. बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी त्याने तिला इकडे आणलं होतं. नागपूरचा फ्लॅट विकून टाकू, तू कायमची माझ्याकडेच राहा, हे त्याने तिला जरा घाबरतच सुचवलं, तर त्यालाही ती तेच म्हणाली. ती रडली असती तर त्याला कळलं असतं काय करायचं. हॉस्पिटलमध्ये रडणारी माणसं तो रोज पाहत होता. पण ही बाई चौतीस वर्षं मुख्याध्यापक होती. तिची चाहूल लागली की गल्लीतली पोरं बॅट लपवायची. आता ती दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या ओल्या विटांच्या घरांकडे बघत असे, आणि संध्याकाळ झाली की उठून दिवा लावत असे.

म्हणून मग त्याने खरंच तिचं तिकीट काढलं.

*

बँकॉकपासून सरहद्दीपर्यंत बस बरी होती. पुढचा रस्ता म्हणजे लाल माती आणि खड्डे. पद्मिनीबाईंनी प्रवासासाठी घातलेल्या पंजाबी ड्रेसच्या ओढणीने नाक-तोंड बांधून घेतलं आणि पुढच्या सीटचा दांडा धरून बसल्या. बसमधली बाकी सगळी विशी-पंचविशीतली गोरी पोरं. फर्गलच्या सॅकवर आयर्लंडचा झेंडा शिवलेला होता. तो पाहून एका ऑस्ट्रेलियन मुलीने विचारलं, "तुम्ही आयरिश?"

"माझा मुलगा नावनला असतो," पद्मिनीबाई शांतपणे म्हणाल्या. त्या मुलीला हे उत्तर फार आवडलं. कंबोडियाची राजधानी नॉम पेन येईपर्यंत बसमधली सगळी त्यांना 'नावन' म्हणायला लागली होती.

उतरले ते तळ्याकाठच्या एका लाकडी गेस्टहाऊसमध्ये. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसे. पहिल्या दिवशी त्यांनी राजवाडा पाहिला, नदी पाहिली. शहर हसरं होतं. मोटरसायकलवर चार-चार माणसं, शाळेच्या पांढऱ्या शर्टातली मुलं, उसाच्या रसाच्या गाड्या. पद्मिनीबाई सगळं बघत होत्या आणि विचारलं की "छान आहे" म्हणत होत्या. त्यांच्या 'छान'मध्ये आणि 'चालेल'मध्ये अभिजितला काही फरक ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बूट घालता घालता सांगितलं, "आज तू इथेच आराम कर आई. मी दोन तासांत येतो."

"कुठे चाललास?"

"एक म्युझियम आहे. तुला नाही आवडायचं. इथे तीस वर्षांपूर्वी ख्मेर रूज म्हणून लोक सत्तेवर आले होते. त्यांनी अख्खं शहर रिकामं केलं, सगळ्यांना शेतावर राबायला नेलं. शिकलेली माणसं शोधून शोधून मारली. हा त्यांचा तुरुंग होता. तिथे छळ करायचे." तो नाडी बांधायला वाकला. "बाबांना जाऊन अजून वर्षही नाही झालं. नको."

"आधी काय होतं तिथे?"

"म्हणजे?"

"तुरुंग होण्याच्या आधी."

"शाळा होती," अभिजित म्हणाला.

पद्मिनीबाईंनी कॉटखालचे कॅनव्हासचे बूट ओढून घेतले.

"आई, अगं, खरंच नको."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी येते."

बुटाची नाडी धरलेले त्याचे हात थांबले. कितीतरी महिन्यांत तिच्या तोंडून 'नाही' हा शब्द त्याने ऐकला नव्हता.

*

फाटकातून आत गेल्यावर अभिजितला भीती वाटली होती तसं काहीच समोर नव्हतं. मैदान, चाफ्याची झाडं, तीन मजली लांबच लांब इमारती, प्रत्येक मजल्यावर व्हरांडा आणि व्हरांड्यात ओळीने दारं. शाळाच. नागपूरला, पुण्याला, कुठेही असते तशी. मग नजर वर गेली की एका इमारतीच्या व्हरांड्याला वरपासून खालपर्यंत लावलेली काटेरी तार दिसे.

फाटकाशी एक बाई गाइड म्हणून भेटली. चाळिशीची, किरकोळ अंगाची, फिक्या निळ्या ब्लाऊजची. नाव चांथी. इंग्रजी मोजकं पण स्पष्ट. ती पुढे, मागे पद्मिनीबाई, त्यांच्या मागे अभिजित.

पहिल्या वर्गात एक लोखंडी पलंग होता, फक्त सांगाडा. त्याला बेडी अडकवलेली. जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या फरशा. चांथी हळू आवाजात सांगत होती आणि अभिजित फरशीकडे बघत होता. पद्मिनीबाई मात्र पलंगाकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीवरचा फळा बघत होत्या. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरकल्या.

"उजेड डावीकडून येतो," त्या मराठीतच म्हणाल्या. "नीट बांधली होती शाळा."

पुढच्या इमारतीत फोटो होते. पकडून आणलेल्या प्रत्येकाचा ख्मेर रूजच्या लोकांनी फोटो काढून ठेवला होता. भिंतीच्या भिंती भरून चेहरे. म्हातारे, बाया, तान्हं मूल मांडीवर घेतलेली एक आई, आणि शाळेच्या वयाची मुलं, पुष्कळ. अभिजित दुसऱ्या भिंतीशी पोहोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आई पहिल्याच ओळीत आहे. ती एकेका फोटोसमोर थांबत होती, पाहत होती, मग पुढच्याकडे सरकत होती. एकही वगळत नव्हती. मागून आलेली माणसं तिला ओलांडून पुढे जात होती.

पाणी आणायच्या निमित्ताने तो बाहेर पडला.

मैदानात दोन उंच खांब आणि त्यांवर आडवा वासा असलेली चौकट होती. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि फाटकाबाहेरच्या टपरीवरून दोन बाटल्या घेतल्या. परत आला तेव्हा आई आणि चांथी चाफ्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती. तो जवळ जाणार एवढ्यात आईचा आवाज ऐकून जागच्या जागी थांबला. हा आवाज नावनमधला नव्हता.

"ती कवायतीची चौकट आहे ना?" ती इंग्रजीत विचारत होती. "दोर टांगून चढायची? आमच्याकडेही होती."

"हो," चांथी म्हणाली. "आधी मुलं चढायची. नंतर कैद्यांना त्यावरच उलटं टांगायचे."

"तुम्ही या शाळेत होता?"

"नाही. माझे वडील शिक्षक, दुसऱ्या शाळेत. म्हणून त्यांना लगेच नेलं. मी तेव्हा दहा वर्षांची. मी आणि मावशी, आम्ही दोघीच राहिलो."

पद्मिनीबाईंनी 'अरेरे' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "मग शाळा पुन्हा कधी सुरू झाली?"

चांथीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला रोज कुणी विचारत नसावं.

"ते लोक पळाले, त्याच वर्षी," ती म्हणाली. "आमच्या गावात, एका झाडाखाली. पुस्तक नाही, पाटी नाही. शिक्षक कुणी उरलाच नव्हता. ज्याला थोडं येतं त्याने ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवायचं, असं ठरलं. मावशी एकोणीस वर्षांची. ती म्हणाली, मी शिकवते. पहिल्या दिवशी उभी राहिली आणि रडायला लागली."

"का?"

"तिला सगळी अक्षरं आठवेनात. चार वर्षं काही लिहिलं नव्हतं. लिहिता येतं हे कळलं तर मारायचे, म्हणून विसरायचा प्रयत्न केला होता."

"मग?"

"मग तिने आम्हालाच विचारलं. कुणाला कुठलं अक्षर आठवतं? एकजण उठला, त्याने मातीत एक काढलं. दुसरीने दुसरं. मला माझ्या नावातली येत होती. मोठी माणसं शेतावरून येता येता थांबायची, एखादं काढून जायची. असं करत करत बरीच जमली. एका अक्षरावरून मात्र भांडण झालं. कुणी म्हणे शेपूट इकडे, कुणी म्हणे तिकडे." चांथी हसली. "मग एक म्हातारा बैलगाडी घेऊन चालला होता. तो पूर्वी भिक्षू होता. गाडीतून उतरला, काठीने अक्षर काढलं, परत गाडीत बसला आणि गेला. एक शब्द बोलला नाही."

पद्मिनीबाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. पण त्या हसत होत्या, हे अभिजितला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"आणि मावशी?"

"आहे ना. इथेच शहरात अजून शिकवते. फार रागीट आहे."

"असावंच लागतं," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"तुम्ही टीचर?"

"हेडमिस्ट्रेस." मग काही क्षण त्या चाफ्याची पडलेली फुलं बुटाच्या टोकाने बाजूला करत राहिल्या. "माय स्कूल ऑल्सो इज क्लोज्ड," त्या म्हणाल्या, आणि लगेच घाईने, ओशाळून: "नॉट लाइक धिस. नो, नो. ओन्ली क्लोज्ड."

चांथीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "मुलं कुठे गेली?" तिने विचारलं.

पद्मिनीबाई सांगायला लागल्या. मराठी शाळा होती, माझ्या यजमानांनी आणि मी काढली. आधी मुलं मावत नसत. मग एकेक पालक इंग्रजी शाळेकडे वळले. शेवटी गरिबांची पोरं तेवढी उरली, मग तीही कमी झाली. ट्रस्टींनी जागा देऊन टाकली. आता मैदानावर लग्नाचं लॉन आहे. माझे यजमान रोज संध्याकाळी तिथवर फिरायला जायचे, बाहेर उभे राहून परत यायचे. नंतर ते गेले.

अभिजितच्या हातातल्या बाटल्यांना पाणी सुटलं होतं. शाळा बंद झाल्याचं त्याला माहीत होतं. आईनेच फोनवर सांगितलं होतं. तो तेव्हा ड्युटीवर होता आणि म्हणाला होता, "बरं झालं, आता तरी आराम कर." बाबा रोज तिथवर जायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो दोन पावलं मागे गेला, मुद्दाम पाय वाजवत पुन्हा पुढे आला आणि बाकाच्या टोकाला बसला. त्याने एक बाटली आईला दिली, दुसरी चांथीला.

*

त्या संध्याकाळी नदीकाठी मोठ्याने गाणी लागली होती. फरसबंदीवर पन्नास-साठ बाया रांगा करून व्यायाम करत होत्या. समोर एक तरुण मुलगा ओरडून आकडे सांगत होता. पद्मिनीबाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"मागची ओळ वाकडी होऊन राहिली," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"तू जाऊन सरळ कर," अभिजित सहज म्हणाला.

त्यांनी ओढणी कमरेला बांधली आणि खरंच जाऊन शेवटच्या ओळीच्या टोकाला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा हात चुकले, पाय चुकले. शेजारच्या जाड्या बाईने त्यांचा दंड धरून दिशा बदलून दिली. दोघी हसल्या. अभिजित कठड्यावर बसून पाहत राहिला. सूर्य नदीपलीकडे नव्हे, मागे शहराच्या बाजूला मावळत होता आणि त्या सगळ्या बायांच्या सावल्या पाण्याच्या दिशेने लांब होत होत्या. त्याने कॅमेरा काढला. मग परत ठेवून दिला.

"उद्या संध्याकाळी पुन्हा येऊ," घाम पुसत आल्यावर आई म्हणाली. "आणि सकाळी त्या चांथीच्या मावशीला भेटायचंय. मी बोलून ठेवलं आहे."

मावशीकडे अभिजित फक्त सोडायला गेला. एका घराच्या तळमजल्यावर वर्ग होता. चपलांचा ढीग ओलांडून आई आत गेली आणि मावशीने तिच्यासाठी आपली खुर्ची पुढे केली. आईने ती मागे सारली आणि पोरांच्या मागे, भिंतीशी उभी राहिली. दुपारी तो घ्यायला आला तेव्हा तिच्या बोटांना खडू लागलेला होता.

*

डब्लिनला विमान दुपारी उतरलं. पाऊस भुरभुरत होता आणि नावनच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागली होती. पद्मिनीबाई पुढच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून. वाटेत डनशॉक्लिन नावाचं गाव आलं. तिथे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शाळा सुटली होती. रेनकोट घातलेली मुलं रस्ता ओलांडत होती.

"शेवटच्या वर्षी तुझ्याकडे कोण कोण होतं?" अभिजितने विचारलं.

"कुठे?"

"शाळेत. मुलं."

पद्मिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"रोशनी मेश्राम," त्या म्हणाल्या. "यश कुंभलकर. त्याचे वडील वेल्डिंग करायचे, हा पोरगा वर्गात झोपायचा. रात्री दुकानात बसवून ठेवत. मी त्याला पहिला तास झोपू द्यायची. बाबा चिडायचे, शाळा आहे की धर्मशाळा. मग एकदा तोच पोरगा उठला आणि गणित सोडवून दाखवलं फळ्यावर. झोपेतच ऐकत होता की काय, बाप्पा!"

अभिजित हसला.

"आणि पालक," त्या म्हणाल्या. "दाखला न्यायला येत ना, तेव्हा मी समजवायची. तर म्हणत, बाई, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत होता? काय सांगणार? बाबांचा आग्रह होता तुला कॉन्व्हेंटला घालायचा. मीही नाही कुठे म्हटलं. खोटं कशाला बोलू."

वायपर एकदा इकडून तिकडे गेले. डावीकडे तारा नावाची टेकडी पावसात अर्धी दिसत होती.

"अभी, जूनच्या आत मला नागपूरला जायचंय. सव्वीस तारखेला तिकडच्या शाळा उघडतात."

"कुठल्या शाळेत जाणार?"

"कुठल्याही नाही. आपल्या हॉलमध्ये दहा पोरं सहज मावतात. संध्याकाळी. ज्यांना घरी कुणी शिकवायला नाही ती. फ्लॅट विकायचा नाही."

घरातल्या तिच्या खोलीचे पडदे त्याने तिच्या आवडीच्या रंगाचे लावून घेतले होते. पुढच्या बागेकडची खोली, तिला देवघर करता येईल अशी. गेले चार महिने तो घरी येताना दूरवरून त्या खिडकीतला दिवा बघत असे. त्याने गिअर बदलला.

"बरं," तो म्हणाला. "फळा लागेल. मोठा."

"लागेल तर," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आणि ती दामिनी उईके. तिची गोष्ट तर तुला माहीतच नाही. ती आली तेव्हा एक शब्द बोलत नव्हती. आम्हाला वाटलं मुकीच आहे. सहा महिने. मग एक दिवस मी हजेरी घेत होती..."

नावनचा गोल चौक आला. डावीकडे वळलं की दुसरं वळण, मग विटांच्या घरांची रांग, मग त्याचं घर. अभिजितने इंडिकेटर दिला नाही. गाडी चौकाला वळसा घालून सरळ पुढे निघाली.

पद्मिनीबाईंनी काचेतून मागे वळून पाहिलं.

"अरे, घर मागे राहिलं ना?"

"राहिलं. पुढे केल्स नावाचं गाव आहे, तिथपर्यंत जाऊन येऊ," तो म्हणाला. "हजेरी घेत होतीस. मग?"

पद्मिनीबाईंनी सीट बेल्ट जरा सैल केला, त्याच्याकडे थोड्या वळून बसल्या आणि पुढे सांगायला लागल्या.